क्लिप लावलेली पाने

ॲडव्होकेट मुकुंदराव गायके यांना मी पहिल्यांदा भेटले ते औरंगपुऱ्यात, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आमचे शहर तेव्हा औरंगाबाद होते आणि मी सव्वीस वर्षांची होते. वडील नुकतेच गेले होते, घरात धाकटी दोन भावंडे होती. छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले इंग्रजी आणि सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून घडवलेले वळणदार अक्षर, एवढीच माझी पुंजी. गायके वकिलांना इंग्रजी पत्रव्यवहारासाठी कोणी हवे आहे, असे कळले म्हणून मी गेले. अरुंद लाकडी जिना, खालून शाईचा आणि खळीचा वास, आणि पत्रिकांचे गठ्ठे कापणाऱ्या यंत्राचा थांबून थांबून येणारा जड आवाज.

वकीलसाहेबांनी नाव विचारले, शिक्षण विचारले आणि एक टंकलिखित इंग्रजी पान पुढे केले. म्हणाले, "मोठ्यानं वाचा."

मी पठणाच्या स्पर्धेत बक्षिसे मिळवलेली मुलगी. ताठ उभी राहिले आणि स्वच्छ उच्चारात वाचू लागले. चार ओळी गेल्यावर मला कळू लागले की मी काय वाचते आहे. जपानमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला त्याचा दिवस आधी सांगत नाहीत. सकाळी कोठड्यांपुढून पावले जातात. पावले पुढे गेली की तो दिवस मिळाला. ज्या दारापुढे ती थांबतात, त्या दारामागच्या माणसाला काही सांगावे लागत नाही. माझा आवाज बारीक होत गेला, पण पान मी पूर्ण केले.

वकीलसाहेबांनी पान परत घेतले. मग म्हणाले, "इतक्या गोड आवाजात हे कधी ऐकलं नव्हतं. भीतीच वाटली बघा. उद्यापासून या."

जिना उतरताना माझ्यामागून कोणीतरी उतरत होते. मी थांबले, तर मागे आणखी एक पाऊल पडले आणि थांबले. वळून पाहिले, कोणी नव्हते. त्या जुन्या पायऱ्या माणसाचे वजन लगेच सोडत नाहीत, थोड्या वेळाने करकरतात, हे मला पुढे समजले. चौतीस वर्षे तो जिना चढउतार करूनही मी अजून मध्येच थांबून मागे बघते.

वकीलसाहेब मूळचे गंगापूर तालुक्यातले. घरी ऊस, कापूस, चार भावांची शेती. शहरात येऊन फौजदारी वकिली करणारे ते घरातले पहिलेच. जिल्हा न्यायालयातली त्यांची कामगिरी या गौरवग्रंथात इतर मान्यवर सांगतील. मी सांगणार आहे ते त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल. त्याचे त्यांना कोणी पैसे दिले नाहीत आणि त्यावरून त्यांची थट्टाच जास्त झाली.

कचेरीच्या आतल्या खोलीत ग्रंथालयात असते तसे कार्डांचे एक कपाट होते, तीन खणांचे. जगातल्या प्रत्येक देशाचे एक कार्ड. पहिल्या खणावर चिठ्ठी होती, 'आहे'. म्हणजे त्या देशात फाशी आहे आणि देतात. दुसऱ्यावर 'नाही'. तिसऱ्यावर 'आहे पण नाही'. कायद्यात शिक्षा आहे, पण दहा वर्षांत कोणाला दिलेली नाही, असे देश या खणात. बाहेरदेशी असेच काम करणाऱ्या लोकांकडून पत्रे आणि अहवाल येत. ते मी वाचायचे, मराठीत सार काढायचे आणि कार्डावर माझ्या कॉन्व्हेंटच्या अक्षरात नोंद करायची. कार्डे खालच्या दुकानातून येत. छपाईत चुकलेल्या किंवा लग्न मोडल्यामुळे कोणी न नेलेल्या पत्रिका दुकानदार आम्हाला कापून देई. त्यामुळे इराणच्या कार्डाच्या पाठीवर सोनेरी गणपती होता आणि सौदी अरेबियाच्या पाठीवर छापलेले होते, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!'

मी रुजू झाले तेव्हा 'आहे'चा खण इतका गच्च होता की बंद करताना अडायचा. पुढच्या वर्षांत तो सैल होत गेला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे राज्य संपले आणि तिथल्या नव्या न्यायालयाने फाशी घटनेत बसत नाही असे ठरवले, त्या दिवशी वकीलसाहेबांनी खालच्या दुकानात इम्रती वाटल्या. दुकानदाराने विचारले, "किस खुशीमे, वकीलसाब?" "दक्षिण आफ्रिकेच्या." "अच्छा! मॅच जीते क्या?" वकीलसाहेब म्हणाले, "हां भाई, मोठी मॅच."

युरोपातला जवळजवळ प्रत्येक देश 'नाही'त गेला. 'आहे'त एकटा बेलारूस मागे राहिला. अलीकडे सिएरा लिओन, झांबिया, झिम्बाब्वे, अशी आफ्रिकेतली कार्डे एकामागून एक हलली. बार रूममध्ये वकीलसाहेब चहाला गेले की कोणीतरी म्हणायचेच, "काय गायके, आज किती देश सोडवले?" एकदा एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "ह्यांचे ज्युनिअर न्यायाधीश झाले आणि हे अजून झांबियाची केस चालवतायत." वकीलसाहेबांनी कपातला चहा संपवला. "झांबिया सुटलं, दादा. आता तुमची बारी."

पण सगळी कार्डे एकाच दिशेने जात नसत. फिलिपिन्सने शिक्षा रद्द केली होती, ती परत आणली, पुन्हा रद्द केली. त्या कार्डाचे कोपरे हाताळून मऊ झाले होते. वकीलसाहेबांना सगळ्यात जास्त भीती तिसऱ्या खणाची वाटे. "हा कायदा मेलेला नाही, ताई. झोपलाय," असे ते म्हणत. गांबियामध्ये पाव शतक कोणाला देहदंड दिला गेला नव्हता. मग एकाएकी दिला गेला, एकाच वेळी अनेकांना. म्यानमारमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ उलटला होता. तिथेही तेच झाले. अशी बातमी आली की मी खण ओढून ते कार्ड काढायचे, पहिल्या खणात ठेवायचे, आणि तिसऱ्या खणात उरलेल्या कार्डांकडे बघायचे. ती सगळी शांत उभी असत, पाठीवर तोरणे आणि कलश घेऊन.

चीनच्या कार्डावर आकड्याच्या जागी मी एकदा परदेशी अहवालातला अंदाज लिहिला. वकीलसाहेबांनी तो खोडायला लावला. तिथले सरकार आकडा गुप्त ठेवते, म्हणून आपण जागा मोकळी ठेवायची. "माहीत नाही, हेसुद्धा नीट लिहावं लागतं," असे त्यांचे म्हणणे. आणि गेल्या काही वर्षांत एक विचित्र गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली. फाशी देणारे देश कमी होत चालले होते, आणि त्या उरलेल्या थोड्या देशांत मारली जाणारी माणसे वाढत चालली होती. खण हलका होत होता आणि त्यातली तीन-चार कार्डे नोंदींनी काळी होत होती. अमेरिकेतल्या एका राज्याने तोंडावर मुखवटा बांधून नायट्रोजन देण्याची नवी पद्धत काढली, ते कळले तेव्हा वकीलसाहेब एवढेच म्हणाले, "माणूस ह्यातसुद्धा सुधारणा करतो."

हे काम का सुरू केले, असे मी एकदाच विचारले होते. ते म्हणाले, "वकिली नवी असताना एका माणसाला मी सांगितलं होतं, काही होणार नाही, निवांत राहा. ते एक वाक्य खोटं निघालं." पुढे मी कधी विचारले नाही.

त्यांच्या स्वभावातला ओलावा मी अनेकदा अनुभवला. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात त्यांनी मला तीन महिने घरून काम करू दिले आणि रोज संध्याकाळी स्वतः टपाल घेऊन घरी येत. आईला वाटे, हे पोस्टमन. ती त्यांना पाणी विचारी आणि ते मुकाट्याने ओट्यावर बसून पाणी पीत. त्यांनी तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. पण त्यांनी माझ्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच होती. परदेशातून येणाऱ्या अहवालांत काही पाने शिक्षा प्रत्यक्ष कशी देतात याबद्दलची असत. अहवाल माझ्या टेबलावर येण्याआधी वकीलसाहेब ती पाने स्वतः चाळत आणि त्यांना चारी बाजूंनी क्लिपा लावून ठेवत. "ह्याची नोंद मी करतो. तुम्ही पुढचं घ्या." पहिल्या मुलाखतीत त्या जपानच्या पानाने माझा आवाज कसा बसला, ते त्यांनी लक्षात ठेवले होते. मी चौकस नव्हते. क्लिपा लावलेली पाने मी वीस वर्षे न उघडता उलटली, आणि त्याबद्दल त्यांची ऋणी राहिले.

आता भिवाबद्दल. हे त्याचे खरे नाव नव्हे. सिल्लोडकडच्या एका मेंढपाळ घरातला मुलगा. चराईवरून झालेल्या भांडणात त्याने शेतातल्या वस्तीवर तिघांचा जीव घेतला. नवरा, बायको आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. हे मी मऊ करून लिहिणार नाही. वकीलसाहेबांनीही कधी केले नाही. खालच्या न्यायालयाने फाशी दिली, वर ती कायम झाली, आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज गेला. त्या अर्जाचे काम वकीलसाहेबांनी घेतले.

मेलेल्या माणसाच्या थोरल्या भावाकडे ते वर्षातून एकदा जात. पहिली चार वर्षे दार उघडले नाही. हे ओट्यावर अर्धा तास बसून परत येत. पाचव्या वर्षी त्या भावाने दार उघडले. मी बरोबर होते. तो म्हणाला, "वकील, तुमच्या घरातली लेक गेली असती तर?"

"तर मी पण हेच म्हटलं असतं. दोर माझ्या हाती द्या, म्हटलं असतं."

"मंग?"

"मंग काय. म्हणून तर ते तुमच्या-माझ्या हातात ठेवू नये."

त्याने दार पुरते उघडले. "च्या घ्या," म्हणाला. "पटलं नाय मला. पण च्या घ्या." तेव्हापासून दरवर्षी चहा झाला. पटले मात्र कधीच नाही, आणि वकीलसाहेबांनी पटवण्याचा प्रयत्नही केला नाही.

भिवाची आई रखमाबाई. तिला वाचता येत नव्हते. भिवा तुरुंगात गेल्यावर लिहायला शिकला. त्याची पत्रे आमच्या कचेरीच्या पत्त्यावर येत, रखमाबाई सिल्लोडहून येई आणि मी तिला ती वाचून दाखवी. हाताला मेंढरांचा वास, कमरेला पिशवी. पत्र संपले की ती कागद हातात घेऊन उलटा करून बघे, मागे काही राहिले का म्हणून.

तेरा-चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या देशात तेव्हा कित्येक वर्षांत फाशी झाली नव्हती. दर वर्षी कोणत्यातरी देशाचे कार्ड 'नाही'कडे जात होते. भारताचे कार्ड लवकरच निदान तिसऱ्या खणात जाणार, अशी माझी मनातल्या मनात खात्री झाली होती. जगच तिकडे चालले आहे, असे मला वाटे. त्या सोमवारी वकीलसाहेब थोरल्या बहिणीच्या दिवसकार्यासाठी गंगापूरला गेलेले होते. भिवाचे पत्र आले आणि योगायोगाने रखमाबाईही आली. मी वाचू लागले.

'आईस दंडवत. मी बरा हाय. इथं आता लई काळजी घेत्यात. ह्या आठवड्यात दोनदा वजन केलं, उंची घेतली. डॉक्टर यून गेला. खायला काय आवडतं इचारलं, मी शिरा सांगितला. भिंतीच्या पल्याड दिसभर पोती टाकत्यात, धप धप आवाज येतो. मेंढरांला जप. हे पत्र साहेबांना दाखव.'

रखमाबाईचा चेहरा उजळला. "वजन वाढलं आसंल. आधी नुसता काटकी व्हता."

"वाढलंच असेल, आई. काळजी घेतात म्हणतोय ना."

"आन पोती कशाची वं, बाई?"

"धान्य आलं असेल."

"व्हय, एवढ्या मान्सांला लागतंच की." तिने पत्र उलटे करून पाहिले आणि परत दिले. "साहेबांना दावा बरं का."

मी हसून हो म्हटले. पत्र वकीलसाहेबांच्या टेबलावरच्या टपालात ठेवले. त्यांना फोन करण्यासारखे त्यात मला काही दिसले नाही. दुःखाच्या घरी कशाला त्रास द्यायचा, असेही वाटले.

वकीलसाहेब गुरुवारी दुपारी आले. टपाल बघता बघता त्यांचा हात थांबला. त्यांनी मला आत बोलावले आणि पत्र माझ्यापुढे धरले. "वाचा, ताई. मोठ्यानं."

मी वाचले. या वेळी मला माझाच आवाज ऐकू येत होता, तोच स्वच्छ, स्पर्धेतला. 'दोनदा वजन केलं' म्हणताना खालच्या यंत्राने एक गठ्ठा कापला. 'पोती टाकत्यात' म्हणताना दुसरा. वकीलसाहेबांनी हात वर केला.

"पुढचं नको. हे कधी आलं?"

"सोमवारी."

"तिथं धान्य उतरवत नाहीयेत, ताई. वजन घेतात ते दोर किती सोडायचा ते ठरवायला. मग तेवढ्या वजनाची वाळू भरून पोतं सोडून बघतात. तेच त्याला ऐकू येतंय."

खाली पुन्हा आवाज झाला. वकीलसाहेब खिडकीशी गेले आणि ओरडले, "अरे बंद करा रे ते जरा!" चौतीस वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी तेवढाच ऐकला. यंत्र थांबले. त्या शांततेत मला प्रथमच कळले की आमच्या कचेरीत किती काळ तो आवाज होता, आणि आम्ही तो ऐकत नव्हतो.

पुढच्या तासाभरात फोनवरून उलगडा झाला. दयेचा अर्ज फेटाळला गेला होता. तसे कळवणारे पत्र आम्हालाही मिळाले नव्हते आणि रखमाबाईलाही. ते वाटेत कुठे अडकले, हे आजवर समजलेले नाही. तारीख ठरली होती, येता सोमवार. वकीलसाहेबांचे दिल्लीतले एक वकील मित्र शनिवारी न्यायालयापुढे उभे राहायला तयार झाले. पण अर्ज आईच्या नावाने करायचा होता, त्यावर तिचा अंगठा हवा होता, आणि कागद शुक्रवारी दुपारपर्यंत दिल्लीला धाडायला हवा होता. सोमवारीच पत्र वकीलसाहेबांच्या हाती पडले असते तर आणखी तीन दिवस मिळाले असते. मी ते टपालात ठेवून दिले होते.

शुक्रवारी सकाळी आम्ही जीप करून निघालो. मेंढपाळाचे घर कधीच एका जागी नसते. गावात कळले की कळप मका निघालेल्या रानात बसवलेला आहे. कोणत्या रानात, ते कोणाला नीट माहीत नव्हते. दोन रानांत शोधले, नव्हता. तिसऱ्या रानात उन्हात मेंढरे दिसली. शे-दीडशे मेंढरे, एकही चरत नव्हते, एकही ओरडत नव्हते. सगळी एकाच बाजूला तोंड करून बसलेली. रखमाबाई मधोमध उभी होती आणि आमच्याकडेच बघत होती.

"या," ती म्हणाली. "मला ठावं व्हतं. सकाळपास्नं मेंढरं उठनात."

वकीलसाहेब ढेकळांतून चालत तिच्यापर्यंत गेले, खाली बसले आणि तिलाही बसवले. त्यांनी काही लपवले नाही. वजन कशासाठी, पोती कशाची, सोमवार म्हणजे काय, सगळे तिच्या बोलीत सांगितले. ती ऐकत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिले.

"ह्या बाई तर धान्य म्हनल्या."

मी शाईचा डबा पिशवीतून काढला.

"त्यांना ठावं नव्हतं, रखमाबाई," वकीलसाहेब म्हणाले. "ती पानं मी त्यांच्यापास्नं झाकून ठेवली व्हती. वीस वरसं. चूक माझी हाय. काय बोलायचं ते मला बोला."

तिने अंगठा पुढे केला. शाईचा डबा मी धरला होता. तिने दुसऱ्या हाताने माझे मनगट घट्ट धरले. ठसा उमटला. आम्ही उठलो तेव्हाही मेंढरे तशीच बसलेली होती. जीप वळताना मी मागे बघितले नाही.

शनिवारी दुपारी दिल्लीहून फोन आला. स्थगिती मिळाली होती. वकीलसाहेबांनी फोन खाली ठेवला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे खालच्या दुकानात जाऊन ओरडल्याबद्दल माफी मागितली.

पुढच्या मुलाखतीला त्यांनी भिवाला विचारले, तुला समजलं होतं का? तो म्हणाला, "समदं समजलं व्हतं, साहेब. आईला वाचून दावणार, म्हणून तसं लिवलं. तुमच्या ध्यानात येईल म्हणून शेवटी दाखव म्हनलं." म्हणजे ते पत्र दोघांसाठी होते, आणि मी फक्त एकाचेच वाचले होते.

या चुकीबद्दल वकीलसाहेबांनी मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही. मीच एक दिवस त्यांच्यापुढे उभी राहिले आणि म्हटले, "क्लिपा काढा." त्यांनी थोडा विचार केला आणि काढल्या. वीस वर्षांची पाने वाचायला मला पूर्ण पावसाळा लागला. कधी वाचता वाचता मी उठून जिन्यात जाऊन उभी राहायचे. वकीलसाहेब बाहेर यायचे, बाजूला उभे राहायचे आणि मी आत गेले की आत यायचे. माणसाला न दुखवता सत्य सांगता येते, आणि दुखवू नये म्हणून ते झाकले तर दुसऱ्याच कोणाच्या तरी जिवावर बेतते, हे आम्ही दोघे तेव्हा शिकलो. त्यांनी तेव्हा नुकतीच साठी ओलांडली होती आणि या वयात शिकावे लागले, याचे त्यांना दुःख नव्हते. मला मात्र आहे.

त्यानंतर थोड्याच काळाने आपल्या देशात पुन्हा फाशी झाली. सगळे उरकल्यावर सकाळी बातमी आली. भारताचे कार्ड पहिल्या खणात होते तिथेच राहिले. जगातल्या देशांच्या सभेत दर दोन वर्षांनी फाशी थांबवण्याचा ठराव येतो, आपला देश विरोधात मत देतो, आणि मी ते त्या कार्डावर नोंदते. आपल्याकडे खालची न्यायालये दरवर्षी कितीतरी जणांना ही शिक्षा सुनावतात, प्रत्यक्षात ती फार थोड्यांना होते, आणि बाकीचे कोठडीत वर्षानुवर्षे वाट बघत राहतात. भिवाच्या अर्जाचा निकाल पाच वर्षांनी लागला. इतका काळ मरणाच्या छायेत ठेवणे हीच एक शिक्षा झाली, असे म्हणून न्यायालयाने फाशी रद्द केली आणि मरेपर्यंत कैद दिली. रखमाबाईने ते ऐकले. मी वाचून दाखवले, दोनदा. त्या पाच वर्षांत प्रत्येक पत्र उघडताना तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "वजनाचं काय लिवलंय का?" त्या दिवशी प्रथमच तिने तो विचारला नाही. दोन वर्षांनी ती गेली.

भिवाला आता कोणी नाही. भावकीने केव्हाच पाठ फिरवली आहे. दर महिन्याच्या मुलाखतीला वकीलसाहेब जातात. त्यांची मुले म्हणतात गाडी करा, पण ते एसटीनेच जातात आणि मी बरोबर असते. खटला संपला असल्याने आता वकील म्हणून नाव लिहिता येत नाही. तुरुंगाच्या वहीत 'नाते' असा रकाना आहे. पहिल्या वेळी तिथल्या शिपायाने विचारले, "कोण लागता?" वकीलसाहेब म्हणाले, "तुम्हीच सांगा, काय लिहू?" शिपायाने डोके खाजवले आणि स्वतःच 'घरचे' असे लिहिले. अजून तेच लिहितात.

भिवाचे केस आता पिकले आहेत. त्याची शिक्षा कमी व्हावी म्हणून वकीलसाहेबांनी केलेला अर्ज सरकारकडे पडून आहे. त्या अर्जाचा पाठपुरावा करणारे दुसरे कोणी नाही. गेल्या महिन्यात जाळीपलीकडून भिवा म्हणाला, "साहेब, तुम्हाला पंच्याहत्तर लागलं म्हनं. आता नका येत जाऊ. उन्हाचा तरास व्हतो."

"आणि मी नाही आलो, तर तू काय करशील?"

भिवाने विचार केला. "त्या दिवशी दाढी करून बसन," म्हणाला. "वाट बघन."

परतीच्या गाडीत वकीलसाहेब डोळे मिटून बसले होते. मला वाटले झोपले. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाले, "ताई, पुढची तारीख लिहून ठेवा."

अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने आपण सगळे त्यांना शाल देऊ, भाषणे करू. ते संकोचाने मान खाली घालून ऐकतील. मी त्यांच्यासाठी रोज जे मागते ते फार साधे आहे. त्यांना भरपूर आयुष्य लाभो. त्यांची नजर आणि गुडघे शाबूत राहोत. तो अर्ज निकाली निघेपर्यंत, आणि त्यानंतरही, दर महिन्याच्या त्या तारखेला त्यांना सकाळची एसटी गाठता येवो, कारण तिथे एक माणूस दाढी करून बसलेला असतो.